आज्ञा, शक्ती आणि प्रतिबंधकाचा अभाव

लेथ किंवा मिलिंग यंत्राच्या विद्युत-पॅनेलमध्ये दिवसातून शेकडो वेळा घडणारी एक साधी क्रिया कार्यकारणभावाच्या एका जुन्या प्रश्नाला थेट भिडते. यंत्राचा नियंत्रक २४ व्होल्ट डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा, एक क्षीण संकेत देतो आणि त्यापाठोपाठ ४१५ व्होल्ट एसीवर, म्हणजे सतत दिशा पालटणाऱ्या प्रवाहावर, चालणारी कित्येक किलोवॅटची मोटर फिरू लागते. परंतु त्या संकेतातील ऊर्जेचा अल्पांशही मोटरपर्यंत पोहोचत नाही. ज्याने कार्याला काहीच पुरवले नाही त्याला त्या कार्याचे कारण म्हणावे काय, आणि म्हणायचे तर कोणत्या अर्थाने, हा प्रश्न येथे उभा राहतो. आत्मा शरीराला कसा हलवतो, निष्क्रिय पुरुषाच्या योगाने प्रकृती कशी प्रवृत्त होते, ईश्वर जगाचा कर्ता कसा ठरतो, या प्रश्नांच्या मुळाशी हीच अडचण आहे. दर्शनकारांनी तिचा विचार कुंभार, अग्नी, मणी आणि लोहचुंबक यांच्या आधारे केला. कॉन्टॅक्टरचे उदाहरण त्या दृष्टांतांच्या पंक्तीत बसवण्याजोगे आहे, आणि काही ठिकाणी त्यांच्याहून अधिक काटेकोर आहे.

कॉन्टॅक्टर म्हणजे मोठा प्रवाह जोडणारा व तोडणारा, विद्युतचुंबकाने चालणारा स्विच. त्याच्या पोटात तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिच्यातून प्रवाह गेला की लोखंडी गाभ्यात चुंबकत्व येते, समोरचा हलता लोखंडी भाग स्प्रिंगचा विरोध मोडून ओढला जातो आणि त्याला जोडलेले तीन मुख्य कॉन्टॅक्ट मिटून मोटरला तिन्ही फेज मिळतात. कॉइलचा प्रवाह थांबला की स्प्रिंग तो भाग मागे ढकलते आणि कॉन्टॅक्ट उघडतात. जुन्या यंत्रांमध्ये ही कॉइल बहुधा ११० किंवा २३० व्होल्ट एसीची असते, तर नव्याने बसवलेल्या नियंत्रकाचे आउटपुट २४ व्होल्ट डीसीचे असते, आणि या दोहोंचा थेट मेळ बसत नाही. आउटपुटमधील ट्रान्झिस्टर साधारणपणे अर्ध्या अँपिअरपर्यंतचा प्रवाह, तोही एकाच दिशेने, वाहून नेण्यासाठी घडवलेला असतो. ११० व्होल्ट एसीचे शिखरमूल्य मात्र सुमारे १५५ व्होल्ट आणि २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट असते, शिवाय त्याची दिशा सेकंदाला शंभर वेळा पालटते. म्हणून दोहोंच्या मध्ये एक लहान रिले बसवतात, म्हणजे त्याच तत्त्वावर चालणारा छोटा स्विच. नियंत्रक रिलेची २४ व्होल्टची कॉइल चालवतो, रिलेचा कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा एसी पुरवठा जोडतो आणि कॉन्टॅक्टर मोटरचा पुरवठा जोडतो.

या साखळीत दोन गोष्टी विचारार्थ महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की, कोणत्याही दोन पायऱ्यांच्या मध्ये विद्युतवाहक जोड नाही. रिलेची कॉइल आणि तिचा कॉन्टॅक्ट यांच्यामध्ये निरोधक पदार्थ व हवा असते, आणि ती ओलांडून जाते ते केवळ चुंबकीय क्षेत्र व त्याने घडवलेली यांत्रिक हालचाल. नियंत्रकाच्या आतही पुष्कळदा प्रकाशयुग्मक असतो, ज्यात एका बाजूला प्रकाश देणारा डायोड आणि दुसऱ्या बाजूला त्या प्रकाशाने वाहक होणारा ट्रान्झिस्टर असतो. तेथे आज्ञा प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जाते, प्रवाह मात्र अलीकडेच राहतो. दुसरी गोष्ट प्रमाणाची. लहान रिलेच्या कॉइलला २४ व्होल्टवर आठ-नऊ मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे ०.२ वॅट, पुरतात. लहान कॉन्टॅक्टरची एसी कॉइल ओढून घेताना सुमारे ७० व्होल्ट-अँपिअर आणि धरून ठेवताना सात-आठ व्होल्ट-अँपिअर घेते. आणि मोटर ५.५ किलोवॅटची असेल तर पहिल्या संकेताच्या मानाने ती सत्तावीस हजार पटींहून अधिक शक्ती खर्च करते. ही सारी शक्ती मुख्य पुरवठ्यातून येते. संकेत तिला जन्म देत नाही, वाढवत नाही, केवळ तिची वाट मोकळी करतो.

ज्या विचारवंताने ऊर्जेच्या अक्षय्यतेचा सिद्धांत मांडण्यात पुढाकार घेतला त्यालाच ही अडचण जाणवली, हे लक्षणीय आहे. हाइलब्रॉन येथील वैद्य यूलिउस रोबर्ट मायर याने १८४२ मध्ये कारण आणि कार्य परिमाणाने समान असतात, या सूत्रावर आपले प्रतिपादन उभारले. पण १८७६ मध्ये त्याने एक स्वतंत्र लेख लिहून हे दाखवले की निसर्गातील असंख्य घटनांमध्ये एक क्षुल्लक निमित्त साठलेली मोठी शक्ती सोडवते, आणि तेथे निमित्त व परिणाम यांच्यात परिमाणाचे कोणतेही नाते नसते. म्हणजे कारणाचे निदान दोन प्रकार मानावे लागतात. एक कार्यात उतरतो आणि त्याचा हिशेब जुळतो. दुसरा कार्यात उतरत नाही, त्याचा हिशेब मांडता येत नाही, आणि तरीही त्याच्यावाचून कार्य होत नाही. यापूर्वी दोनशेहून अधिक वर्षे, १६४३ च्या मे महिन्यात, बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने देकार्तला पत्राने विचारले होते की ज्याला विस्तार नाही आणि जे कशाला स्पर्श करू शकत नाही असे मन शरीराला गती कशी देते. त्या प्रश्नात एक गृहीत दडले होते : गती देणे म्हणजे ढकलणे, आणि ढकलायला स्पर्श हवा. कॉन्टॅक्टरच्या साखळीत वाहक स्पर्श कोठेच नाही, तरी आज्ञा पोहोचते. पण एवढ्यावरून एलिझाबेथचा प्रश्न सुटला असे समजणे चुकीचे ठरेल. चुंबकीय क्षेत्र किंवा प्रकाश हेही भौतिकच आहेत आणि ०.२ वॅटची का होईना, किंमत मोजूनच ते काम करतात. आज्ञेची ऊर्जा हजारो पटींनी कमी करता येते, शून्य करता येत नाही. आणि तिचा प्रश्न त्या शून्याविषयीचा होता.

भारतीय परंपरेत त्या शून्याचा स्वीकार करण्याचे धाडस सांख्यांनी केले. त्यांच्या मते पुरुष म्हणजे चैतन्य पूर्णपणे निष्क्रिय आहे, सर्व हालचाल प्रकृतीची आहे, आणि तरी पुरुषाच्या केवळ सान्निध्याने प्रकृती प्रवृत्त होते. यासाठी सांख्य-योगाच्या ग्रंथांत लोहचुंबकाचा दृष्टांत येतो, कारण लोहचुंबक स्वतः जागचा न हलता लोखंडाला हलवतो. कॉन्टॅक्टरच्या गाभ्यात नेमके हेच घडते. परंतु या दृष्टांतावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात घेतलेला आक्षेप अतिशय मार्मिक आहे. सान्निध्य हेच कारण असेल आणि पुरुष व प्रकृती यांचे सान्निध्य नित्य असेल, तर प्रवृत्तीही नित्य होईल, ती कधी थांबणारच नाही. लोहचुंबकाचे लोखंडाशी सान्निध्य अनित्य असते, त्याला जवळ आणावे लागते, स्वच्छ करावे लागते, म्हणून तेथे व्यापार, म्हणजे क्रिया, शिल्लक राहतोच. आक्षेपाचे बळ कॉन्टॅक्टर पाहिल्यावर अधिक जाणवते. त्यातले लोखंड गाभ्यासमोर सदैव उभे असते, म्हणजे सान्निध्य नित्य आहे, पण ओढ नित्य नाही. ती प्रवाहाने येते आणि प्रवाहाबरोबर जाते. एसी कॉइलमध्ये तर ती क्षणोक्षणी राखावी लागते. प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या प्रत्येक क्षणी पकड सुटू पाहते आणि कॉन्टॅक्टर घरघरू लागतो; म्हणून गाभ्याच्या तोंडावर तांब्याचे एक बंद कडे बसवलेले असते, ज्यात उद्भवणारा प्रवाह चुंबकीय क्षेत्राचा काही भाग मागे रेंगाळत ठेवतो आणि मुख्य क्षेत्र शून्य असतानाही पकड टिकवतो. नुसत्या असण्याने काम होते, असे जेथे वरवर दिसते तेथेही आत अखंड व्यापार चालू असतो. सांख्यांचा दृष्टांत या तपशिलापुढे टिकत नाही, असेच म्हणावे लागते.

आज्ञेला कारण ठरवण्याचे खरे साहित्य न्यायदर्शनात सापडते. नैयायिकांनी कारणाची व्याख्या करताना ऊर्जेचा किंवा ढकलण्याचा आधार घेतला नाही; कार्याच्या आधी नियमाने असणारे आणि अन्यथासिद्ध नसणारे ते कारण, अशी त्यांची भूमिका आहे. अन्यथासिद्ध म्हणजे जे कार्यापूर्वी उपस्थित असते पण ज्याच्यावाचून कार्याची उपपत्ती लागू शकते, जसे कुंभाराची माती वाहून आणणारे गाढव. पॅनेलमध्ये अशी गाढवे पुष्कळ असतात : संकेत मिळाल्याचे दाखवणारा लहानसा दिवा प्रत्येक वेळी मोटर फिरण्याआधी पेटतो, पण तो काढून टाकला तरी मोटर फिरते. रिले मात्र काढता येत नाही. तेव्हा संकेत आणि रिले हे घटासाठी लागणाऱ्या दंडाप्रमाणे निमित्तकारणे ठरतात, आणि ती कार्यात उतरत नाहीत ही त्यांची उणीव राहत नाही, कारण कुंभाराचा दंडही घटात उतरत नाही.

येथवरचा विचार सोपा आहे. न्यायाची खरी खोली दिसते ती प्रतिबंधकाच्या चर्चेत, आणि यंत्राच्या पॅनेलचा सर्वांत अर्थपूर्ण भागही तेथेच आहे. प्रतिबंधक म्हणजे सर्व सामग्री असतानाही कार्य होऊ न देणारी वस्तू. मीमांसकांचे म्हणणे असे होते : अग्नी आहे, इंधन आहे, पण विशिष्ट मणी जवळ ठेवला तर दाह होत नाही आणि मणी दूर केला की होतो, अग्नी तर दोन्ही वेळा तसाच दिसतो, म्हणून त्यात शक्ती नावाचे एक अदृश्य तत्त्व मानले पाहिजे, जे मण्याने नष्ट होते आणि मणी दूर होताच पुन्हा उत्पन्न होते. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत याचे खंडन केले. त्यांच्या मते वेगळी शक्ती मानण्याची गरज नाही. प्रतिबंधकाचा अभाव हाच कारणसामग्रीचा एक घटक आहे. मणी जवळ असतो तेव्हा सामग्रीतला एक घटक कमी असतो, एवढेच. वैशेषिक-न्याय परंपरेत अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आहे, आणि तो केवळ ज्ञानाचा विषय राहत नाही, कार्य घडवण्यात भाग घेतो, ही या भूमिकेतील धाडसाची गोष्ट आहे.

यंत्राच्या नियंत्रणमंडलात हा सिद्धांत तारांनी जोडलेला दिसतो. कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडे जाणारा पुरवठा रिलेपाशी पोहोचण्यापूर्वी एका माळेतून जातो : इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण, संरक्षक दाराचा स्विच, मोटर अति तापल्यास उघडणारा ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट. यांतील प्रत्येक कॉन्टॅक्ट नेहमी मिटलेला असतो आणि संकट आले की उघडतो. म्हणजे माळेतील प्रत्येक मिटलेला कॉन्टॅक्ट एकेका प्रतिबंधकाच्या अभावाचे मूर्त रूप आहे : बटण दाबलेले नाही, दार उघडे नाही, मोटर तापलेली नाही. मोटर फिरण्यासाठी हे सारे अभाव एकत्र असावे लागतात, आणि त्यांतील एकाचाही लोप झाला तर मुख्य पुरवठा जसाच्या तसा असताना, मोटर निर्दोष असताना आणि नियंत्रकाची आज्ञा चालू असतानाही मोटर थांबते. लाल बटण मोटरमधील किंवा पुरवठ्यातील कोणतीही शक्ती नष्ट करत नाही. ते सामग्रीतला एक घटक काढून घेते. उदयनाचार्यांच्या बाजूने याहून स्पष्ट साक्ष मिळणे कठीण आहे, कारण सामग्री कोठे तुटली ते येथे मीटरचे टोक लावून दाखवता येते.

याच चर्चेत नैयायिकांनी उत्तेजकाचाही विचार केला. प्रतिबंधक मणी जवळ असूनही दुसरा एखादा मणी आणला तर दाह होतो. तो दुसरा मणी उत्तेजक. म्हणून कारण ठरतो तो नुसत्या प्रतिबंधकाचा अभाव नव्हे, उत्तेजकरहित प्रतिबंधकाचा अभाव, अशी दुरुस्ती त्यांना करावी लागली. यंत्र सेट करणाऱ्या कारागिराला कधी दार उघडे ठेवून यंत्र मंद गतीने चालवावे लागते, आणि त्यासाठी किल्लीने फिरवायचा वेगळा स्विच ठेवलेला असतो, जो दाराचा प्रतिबंध तेवढ्यापुरता निष्प्रभ करतो. न्यायग्रंथांतील उत्तेजक अनेकांना तार्किकांचा अतिसूक्ष्म खेळ वाटतो. प्रत्यक्षात ज्या कोणाला प्रतिबंधांची व्यवस्था रचावी लागते त्याला उत्तेजकाची गरज पडतेच, आणि तो कोणाच्या हाती द्यावा याची काळजीही वाहावी लागते.

तरीही मीमांसकांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ ठरत नाही. कॉइलला प्रवाह मिळाल्यावर गाभ्यात डोळ्यांना न दिसणारे काहीतरी खरोखर उत्पन्न होते आणि प्रवाह थांबताच नाहीसे होते. चुंबकीय क्षेत्र ही केवळ बोलण्याची सोय नाही, त्यात ऊर्जा साठते. कॉइल तोडताना ती ऊर्जा ठिणगीच्या रूपाने रिलेच्या कॉन्टॅक्टवर उतरते, आणि म्हणूनच एसी कॉइलला समांतर रोधक व धारित्र यांची जोडी लावतात. उत्पन्न आणि नष्ट होणारी अदृश्य शक्ती मानणाऱ्यांना या ठिकाणी आधार आहे. अभाव कारण असतो, पण अभावाला ज्या भावपदार्थाची वाट मोकळी करायची असते त्याचे स्वरूप सांगण्याचे काम उरतेच, आणि ते उदयनाचार्यांच्या खंडनाने संपत नाही. शिवाय अभाव खरोखर अभाव आहे काय, हेही तपासावे लागते. रिलेच्या जागी हलते भाग नसलेला अर्धवाहक स्विच वापरला, तर तो बंद असतानाही त्यातून काही मिलिअँपिअर झिरपतात, आणि लहान कॉन्टॅक्टरची कॉइल एकदा ओढली गेल्यावर तेवढ्या झिरपण्यानेही धरून राहू शकते. नियंत्रकाने आज्ञा मागे घेतलेली असते, पण तिचा अभाव अपुरा असतो.

अभावाला कारण मानण्यात एक नैतिक आशयही आहे. थांबण्याची आज्ञा देणारे बटण दाबल्यावर मिटेल असेही जोडता आले असते. पण मग त्याची तार तुटली तर बटण मुके होईल आणि संकटाच्या क्षणीच ते कोणाला कळेल. मिटलेल्या कॉन्टॅक्टच्या माळेत तार तुटली, स्क्रू सैल झाला किंवा नियंत्रणाचा पुरवठाच गेला, तरी परिणाम एकच : मोटर थांबते. चालण्यासाठी सर्व कारणांची उपस्थिती लागावी आणि थांबण्यासाठी कोणत्याही एकाची अनुपस्थिती पुरावी, ही असमता निसर्गाने दिलेली नाही, माणसाने निवडलेली आहे. आणि जखमी होऊ शकणाऱ्या हातांचा विचार करून ती निवडली आहे.

आता कर्त्याचा प्रश्न. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव; जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असेही तेथे पुढे म्हटले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी या पाचांचे विस्ताराने विवरण केले आहे. या विभागणीचा सोयीस्कर अर्थ असा लावला जाऊ शकतो की कर्तेपण पाचांत वाटले गेले, तेव्हा दोष कोणाचाच नाही. अपघातानंतर रिलेकडे, कॉन्टॅक्टरकडे, आज्ञाप्रणालीकडे बोट दाखवले जाते तेव्हा हाच अर्थ वापरलेला असतो, आणि तो स्वीकारता येत नाही. न्यायाने कर्त्याचे लक्षण अधिक कठोर केले आहे : ज्याला कार्याच्या उपादानाचे, म्हणजे ज्यातून कार्य घडते त्या द्रव्याचे, प्रत्यक्ष ज्ञान आहे, ज्याला ते करण्याची इच्छा आहे आणि ज्याच्या ठायी प्रयत्न आहे तो कर्ता. जग हे कार्य आहे म्हणून त्याला असा कोणी कर्ता असला पाहिजे, हे ईश्वरसाधक अनुमान याच लक्षणावर उभे आहे. ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न या तिहींपैकी एकही नियंत्रकाच्या आउटपुटला नाही.

ज्ञानाचा अभाव तर फार स्पष्टपणे दाखवता येतो. वारंवार तुटताना उठणाऱ्या ठिणग्यांनी किंवा शॉर्टसर्किटच्या प्रचंड प्रवाहाने कॉन्टॅक्टरचे मुख्य कॉन्टॅक्ट कधी वितळून एकमेकांना चिकटतात. मग नियंत्रक आज्ञा मागे घेतो, त्याचा दिवा विझतो, रिले सुटतो, कॉइलमधले चुंबकत्व जाते आणि मोटर फिरतच राहते. नियंत्रकाला ठाऊक असते ती स्वतःची आज्ञा; कर्म त्याला ठाऊक नसते. यावर उपाय म्हणून कॉन्टॅक्टरवर एक साहाय्यक कॉन्टॅक्ट ठेवतात आणि त्याची स्थिती नियंत्रकाला कळवतात. पण साधा साहाय्यक कॉन्टॅक्ट फसवू शकतो, कारण मुख्य कॉन्टॅक्टपैकी एक चिकटलेला असतानाही तो आपल्या मूळ जागी परतू शकतो. न्यायाच्या परिभाषेत येथे व्यभिचार आहे, म्हणजे साध्य नसतानाही हेतू दिसतो. म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०९४७-४-१ या मानकात मिरर कॉन्टॅक्टची कल्पना निश्चित केली आहे : असा साहाय्यक कॉन्टॅक्ट की मुख्य कॉन्टॅक्टपैकी एकही मिटलेला असेल तर तो मिटूच शकत नाही. मिरर कॉन्टॅक्ट मिटला, म्हणून मुख्य कॉन्टॅक्ट उघडे आहेत, हे अनुमान आहे, आणि धुरावरून अग्नीचे अनुमान ज्या व्याप्तीवर, म्हणजे हेतू व साध्य यांच्या अव्यभिचारी साहचर्यावर, उभे राहते तीच व्याप्ती येथे यांत्रिक रचनेने निर्माण केलेली आहे. धुराची व्याप्ती निसर्गात पाहून शिकावी लागते. ही व्याप्ती कोणीतरी जाणून, इच्छून आणि प्रयत्नाने घडवलेली असते. ठरावीक वेळात मिरर कॉन्टॅक्ट मिटला नाही, तर त्याच मार्गात मालेने जोडलेला दुसरा कॉन्टॅक्टर पुरवठा तोडतो. नियंत्रक अनुमान करत नाही, अनुमानाच्या खुणा वाहतो. अनुमान त्या रचनाकाराचे, ज्याने ही व्याप्ती मंडलात ओवली, आणि म्हणून कर्तेपणाचा मोठा वाटाही त्याचाच.

कर्त्याच्या या लक्षणाची कसोटी यंत्र पुन्हा सुरू करताना लागते. इमर्जन्सीचे दाबलेले बटण फिरवून सोडले की प्रतिबंधकाचा अभाव परत येतो, माळ पूर्ण होते. कार्यकारणभावाचा विचार केवळ सामग्रीच्या भाषेत केला तर मोटर त्याच क्षणी फिरायला हवी. यंत्रसुरक्षेचे नियम नेमके हेच निषिद्ध मानतात : बटण सोडल्याने यंत्र आपणहून सुरू होता कामा नये, त्याने केवळ पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळावी, आणि सुरुवात वेगळ्या, हेतुपूर्वक दिलेल्या आज्ञेनेच व्हावी. त्यासाठी मंडलात स्वतःला धरून ठेवणारा रिले घालतात, जो एकदा सुटला की स्टार्टचे बटण पुन्हा दाबल्याशिवाय ओढला जात नाही. प्रतिबंधकाचा अभाव आवश्यक, पण पुरेसा नाही. कृती, म्हणजे इच्छेतून निघालेला प्रयत्न, नव्याने लागते, हे उदयनाचार्यांच्या परंपरेचेही म्हणणे आहे. या रिलेला समांतर तार जोडून माळ पूर्ण होताच यंत्र सुरू होईल अशी सोय काही ठिकाणी केली जाते, कारण दर वेळी बटण दाबण्याचे कष्ट वाचतात. पण ज्याने ती तार जोडली त्याने आपल्या एका दिवसाच्या प्रयत्नाला पुढच्या साऱ्या दिवसांचे कर्तेपण दिलेले असते, आणि दार उघडून यंत्रात वाकलेल्या कामगाराच्या बाबतीतही ते कर्तेपण त्याच्याकडेच राहते.